एक दिवस तुमचेही असे होतील

२ फेब्रुवारी, रविवार

…तर मी काय सांगत होते, बूट म्हणजे पायाचा पिंजरा. काल जेवताना हेच म्हटलं, तर दादा म्हणाला, "मग तुझे सगळे पिंजरे माळ्यावर टाकू का? दारात पाय ठेवायला जागा नाही." त्याला चेष्टेशिवाय काही सुचतच नाही. पण आज त्याने यायला हवं होतं. आज 'अनवाणी रविवार'चा पहिला रविवार होता आणि लोक आले! मला वाटलं होतं, मी आणि मैदानावरचा कुत्रा, एवढेच असू.

डायरी, तुला मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की सगळं प्रेझेंटेशनसारखं होतं. शाळा इंग्रजी मीडियमची, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाबद्दल तू काही बोलायचं नाहीस.

सगळ्यात आधी टीचर आल्या. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण अख्खी बिल्डिंग त्यांना टीचरच म्हणते. त्यांना शुगर आहे. म्हणाल्या, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय गं, अनवाणी चालायला नाही सांगितलं." मी म्हटलं, टीचर, गवत आहे, मऊ आहे, उलट रक्त खेळेल. मग बँकवाली आली, ती दिवसभर काउंटरवर हील्समध्ये उभी असते. आणखी चारपाच जण. आणि शेवटी एक माणूस कडेला येऊन नुसताच उभा राहिला. कोपऱ्यावर गाड्या धुण्याचं सेंटर आहे ना, तिथे काम करतो. तिथले सगळे त्याला 'गमबूट' म्हणतात, कारण त्याच्या पायात कायम तेच. मी त्याला भाऊ म्हणते, पण तुझ्यापाशी गमबूटच.

"काढा की बूट," मी म्हटलं.

"माझे पाय बघण्यासारखे नाहीत, ताई."

"इथे कोण बघतंय?"

त्याने काढले. बोटांच्या मधली कातडी पांढरी, सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी. बुटांत दिवसभर पाणी जातं म्हणाला. आधी कडेकडेने चालला, मग मधून, आणि शेवटी तर धावला! चाळिशीचा माणूस, हसत होता लहान मुलासारखा.

मग मी सगळ्यांना माझे तळवे दाखवले. वर्षभर मेहनत घेतलीय मी त्यांच्यावर. कोरडे, पांढरट, जाड झालेत. बारीक पापुद्रे निघतात, रेघांमध्ये पीठ भरल्यासारखं दिसतं, आणि पावलाच्या कडेने एक हद्द दिसते, जणू पायाला कातडीचाच बूट आलाय. "वर्षभराची कमाई आहे ही," मी म्हटलं. "एक दिवस तुमचेही असे होतील!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी माझी खास आयडिया. मोठा निळा टब, कोमट पाणी, मीठ. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकत्र पाय बुडवायचे. एका टबात पाय म्हणजे एक कुटुंब. टीचर म्हणाल्या, "एकाच पाण्यात?" मी म्हटलं, मिठाने सगळं मरतं. मग मी स्वतः प्रत्येकाचे पाय टॉवेलने पुसले. गमबूट पाय मागे घेत होता, मी धरून ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, शपथ. मला वाटलं, आपण जन्माला येऊन काहीतरी केलं.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "थोडक्यात, पायांचं सूप."

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसमधून आले, मोजे काढले आणि दहा मिनिटं नुसती खाजवत बसले. पिंजऱ्याचा परिणाम. ऑफिसात अनवाणी बसू देत नाहीत, विचारून झालंय. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नेहमीचं मलम आणलं. ते भारी आहे, एकाच ट्यूबमध्ये तीन औषधं! लावलं की दोन दिवसांत खाज गुल. मग परत येते, मग परत लावायचं. आता ही कितवी ट्यूब काय माहीत.

उजवा तळहातही फार कोरडा पडलाय. भांड्यांचा साबण बदलायला हवा. आई म्हणते, "भांडी तू कधी घासलीस ते आठवून सांग, मग साबण बदलू."

२३ फेब्रुवारी, रविवार

ग्रुप वाढतोय. आता टबाभोवती दोन पाळ्या कराव्या लागतात.

गमबूट एकही रविवार चुकवत नाही. आज बायको आणि मुलीला घेऊन आला होता. मुलगी एवढीशी. ती बापाच्या पावलांवर आपली पावलं ठेवते, त्याचे गुडघे धरते आणि तो तसाच चालत सुटतो. "आगगाडी!" असं ती ओरडते. म्हणाला, "आधी घरातही मोजे घालून असायचो, ताई. तुमच्यामुळे ही गाडी सुरू झाली." बायको म्हणाली, "आता उतरतच नाही ही. स्वयंपाकघरातसुद्धा गाडीनेच येते."

मी फोटो काढला. चार पावलं, दोनावर दोन.

९ मार्च, रविवार

बँकवालीच्या बोटांमध्ये खाज. आणखी एका काकांच्या टाचेला लाल चट्टा. आणि टीचरच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये पांढरं होऊन चीर पडलीय. त्या म्हणाल्या, "याला आम्ही चिखल्या म्हणायचो. लहानपणी व्हायच्या. या वयात कुठून आल्या?"

कुणीतरी म्हणालं, "टबातून तर नाही?" आणि सगळे टबाकडे बघायला लागले. मला इतका राग आला! टब मी स्वतः घासते.

१२ मार्च, बुधवार

वाचून काढलं सगळं. बुरशी असते ही. ओल, ऊब आणि बंद बूट मिळाले की वाढते. टॉवेलमधून, ओल्या फरशीवरून, एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जाते. बोटांच्या मधे कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, सोलते, वास येतो. फोटो बघितले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे पाय मी बघितलेत. पहिल्याच दिवशी हातात धरलेत!

त्याच्या खाली 'कोरडा प्रकार' असंही काहीतरी होतं, पण ते लांबलचक होतं आणि आपल्याला त्याची गरज नव्हती.

दादाला दाखवलं. तो बिचाऱ्या फोटोंकडे न बघता माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "तू एकदा डॉक्टरला का नाही दाखवत?" मी म्हटलं, "मला काय झालंय?" माझे तर ठणठणीत कोरडे आहेत. ओलीचं नाव नाही.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. फार कठीण होतं, पण लीडरला करावं लागतं.

ऑफिसच्या आधी सेंटरवर गेले. त्याला बाजूला घेतलं. छान शब्दांत बोलले. म्हटलं, भाऊ, कुणाचाच दोष नाही, पण टीचरना शुगर आहे, त्यांच्यासाठी रिस्क आहे, तर पाय पूर्ण बरे होईपर्यंत तुम्ही नका येऊ. तो ऐकत होता. हातातला पाइप चालूच होता आणि पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं.

"बरोबर आहे ताई," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं, बघण्यासारखे नाहीत."

मी माझ्या पर्समधली मलमाची ट्यूब दिली, अर्धी भरलेली. रामबाण आहे म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

मग ग्रुपवर लिहिलं की कारण सापडलंय आणि योग्य ती काळजी घेतली आहे. नाव नाही लिहिलं. बँकवालीने लगेच लिहिलं, "कळलं कोण. मला पहिल्यापासून किळस येत होती." मी त्यावर अंगठा टाकला. म्हणजे किळसवर नाही, 'कळलं'वर.

२५ मार्च, मंगळवार

टीचरना ॲडमिट केलं. पाय घोट्यापर्यंत सुजलाय, लाल, हात लावला तर चटका बसतो. ताप आहे. त्या चिरेतून जंतू आत गेले म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "शुगर असताना या अनवाणी कुठे फिरत होत्या?" टीचर म्हणाल्या, "गवतावर." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी जिन्यात जाऊन रडले. आणि खरं सांगू? रडताना मनात गमबूटला बोल लावत होते.

१ एप्रिल, मंगळवार

काय लिहू.

टीचरना सोडलं. सूज उतरली, गोळ्या चालू आहेत. पण बोटांमधल्या बुरशीसाठी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, म्हणून आज मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरबाई बारीक, चष्मा कपाळावर. टीचरचा पाय दिव्याखाली धरून बघितला, एकेक बोट उघडून, नखंसुद्धा. मी फाइल पुढे केली. त्यांनी फाइल घेतलीच नाही. माझा हात धरला.

"उजवा उघड. आता डावा."

डावा मऊ. उजवा खरखरीत, रेघांत पांढरं भरलेलं. मी म्हटलं, भांड्यांचा साबण.

"साबण एकाच हाताला लागतो का? पाय कुठल्या हाताने खाजवतेस?"

मी उजवा हात ओढणीत घेतला.

"बूट काढ."

आणि डायरी, माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "नको ना. बघण्यासारखे नाहीत." मी! जी दर रविवारी लोकांना तळवे दाखवते! तो आवाजही माझा नव्हता, कोपऱ्यावरच्या सेंटरमधला होता.

काढले. त्यांनी बोथट पात्याने तळव्याची पूड खरवडली, काचेवर घेतली, वर औषधाचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबल्या, मग मायक्रोस्कोपखाली ठेवून म्हणाल्या, "ये, बघ." लांब, बारीक धागे. सुतासारखे, फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले.

"ही बुरशी. कोरडा प्रकार. दोन्ही तळवे आणि एक हात. लोकांना वाटतं घट्टे पडले, त्वचा कोरडी झाली. वर्षानुवर्षं कुणी दाखवायला येत नाही. काय लावतेस?"

मी मलमाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"त्यात स्टेरॉइड आहे. त्याने खाज दबते, लाली दबते, बुरशी मजेत वाढते. घर जळतंय आणि तू फक्त धूर बाहेर जायची खिडकी लावून घेतलीस. आजपासून बंद. आणखी कुणाला दिलंयस का?"

टीचर शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. पदराने चष्मा पुसत होत्या, कितीतरी वेळ.

मी विचारलं, "पण ग्रुपमध्ये एकजण आहे, त्याच्या बोटांमध्ये पहिल्यापासून पांढरं होतं. त्याच्याकडून आलं असेल ना?" अजूनही! समोर मायक्रोस्कोप असताना!

"असेल, नसेल. दिवसभर पाण्यात राहिलं तर कातडी तशीही पांढरी पडते. बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. तू कसं सांगितलंस?"

"इंटरनेटवर…"

"एक सांगते. असे तळवे एका महिन्यात होत नाहीत. कुणाचं कुणाला गेलं यावर शिक्का नसतो, पण आज इथे बघितलेल्यांत सगळ्यात जुनं तुझं आहे."

येताना रिक्षात टीचर म्हणाल्या, "औषध नीट घे हं." बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं लिहून ठेवते, नाहीतर मी परत माझंच शहाणपण करेन. आधी रक्त तपासायचं, मग पोटातून गोळ्या, कारण तळवे जाड झालेत, नुसतं मलम आत पोचत नाही. साधं बुरशीचं मलम लावायचं, तेही चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं. खाज थांबली म्हणून थांबायचं नाही, दिसायचं बंद झालं तरी आणखी काही आठवडे. बोटांमधली जागा आधी कोरडी करायची, मग मोजे. रोज धुतलेले. रोज तेच बूट नाही, एक जोड वाळू द्यायचा. टॉवेल वेगळा, गरम पाण्यात धुवायचा. अंगठ्याचं नख पिवळं जाड झालंय, ते नवीन यायला वर्ष लागेल.

आईला सांगितलं. तिने बाथरूमचं पायपुसणं चिमटीत धरून बाहेर नेलं, जसा मेलेला उंदीर. दादाने स्वतःचा पाय वर करून बघितला आणि ओरडला, "मला पण! मी तर आयुष्यभर पिंजऱ्यात होतो!" मग माझं तोंड बघून गप्प झाला. मी खरंच रडणार आहे असं वाटलं की तो चेष्टा थांबवतो. म्हणजे परिस्थिती किती वाईट आहे ते समज.

आजी एक म्हण म्हणायची, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. मी तर झाकलंही नाही. सगळ्यांसमोर मिरवलं, टाळ्या घेतल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

सेंटरवर गेले. सगळं सांगायला गेले होते. वाटेत तीनदा पाठ केलं होतं.

तो फेस लावलेली गाडी पुसत होता. मला बघून दोन पावलं मागे सरकला, त्याच्या बुटांतलं पाणी माझ्याकडे येऊ नये म्हणून. तिथेच माझं पाठांतर गेलं.

"टीचर कशा आहेत हो?" त्याने आधी हेच विचारलं. "मला झोप नाही. म्हातारं माणूस, माझ्यामुळे…"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत. भाऊ, ते मलम बंद करा. डॉक्टर म्हणाल्या."

"का हो? चांगलं आहे. खाज लगेच थांबते. आधी तर खाजतही नव्हतं, हे टीचरच्या वेळेपासूनच सुरू झालं. आता फक्त इथे वर जरा…" त्याने पँट वर केली. नडगीवर मोठं कडं, कडेला फिकट लाल, मधे जवळजवळ साफ. नायटा. आता मला ओळखू येतो.

माझ्या ट्यूबमुळे पसरला. माझ्या टबातून आला. दोन वाक्यं. चौथीतलं पोर बोलेल.

मी डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. नक्की जा म्हटलं.

"तुमचे उपकार आहेत ताई," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी तोंडावर सांगितलं नसतं. मी घरीही वेगळा टॉवेल केलाय, वेगळा झोपतो. पोरगी पायावर चढायला येते. तिला म्हटलं, इंजिन बिघडलंय."

मी "बरं" म्हटलं. बरं! आणि ऑफिसला उशीर होतोय असं सांगून निघून आले.

ऑफिसला आज सुट्टी होती.

६ एप्रिल, रविवार

टीचरनी सगळ्यांना घरी बोलावलं. गमबूट सोडून, कारण त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कळवायचं होतं आणि ते विसरले. टीचर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे बघा, उगाच त्या माणसाचं नाव घेऊ नका. मी डॉक्टरांना दाखवलं. हे माझ्याकडून पसरलं. शुगरवाल्यांना पटकन होतं, मला जुनं असणार. त्याचा काही संबंध नाही."

बँकवाली म्हणाली, "अय्या, आणि आपण त्या बिचाऱ्याला!" सगळ्यांनी चुकचुक केलं. सगळ्यांनी टीचरला, असू दे हो, असं कोण मुद्दाम करतं, म्हटलं. मी तिथेच होते, हातात चहा.

मी तो चहा संपवला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "असं का केलंत?"

"अगं, मला आता कसली लाज? शाळेत आयुष्यभर पोरांचे गुन्हे अंगावर घेतलेत. तुझं अजून सगळं व्हायचंय. त्याच्यावरचं गेलं ना? झालं तर."

"हो," मी म्हटलं. आणि इतकं हलकं वाटलं की जिना मी उड्या मारत चढले. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं, मी उड्या का मारतेय.

१३ एप्रिल, रविवार

आज सगळं घडलं.

परत टीचरच्या घरी जमलो. आता मैदान नाही, टब नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळ्यांना सांगायचं आणि कोणाला काय झालंय ते विचारायचं, एवढंच ठरलं होतं. यावेळी बँकवाली स्वतः सेंटरवर जाऊन गमबूटला टीचर काय म्हणाल्या ते सांगून, निरोप देऊन आली होती. तो आला. इस्त्रीचा शर्ट, पायात साधे बूट, हातात पिशवी, पिशवीत स्वतःचा टॉवेल. दाराजवळच बसला, फरशीवर, चटई सोडून. बँकवाली मोठ्या प्रेमाने म्हणाली, "वर बसा हो, तुमचं काही नव्हतंच!"

तो टीचरना म्हणाला, "तुम्ही मोठ्या आहात. पण माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नका. मला बोललेलं चालेल. माझ्या पायांचं मला माहीत आहे, लहानपणापासून असेच. लोकांत न्यायचे नव्हते, मी नेले."

टीचर एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. पहिल्यांदाच, त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदाच सरळ. त्यांनी खोटं बोलून मला वाचवलं होतं, आणि तो समजत होता की त्याला वाचवलंय. म्हणजे त्याच्यावरचं काहीच गेलं नव्हतं. ते तसंच होतं, तो पिशवीत घेऊन आला होता.

मी बूट काढले. मोजे काढले. तळवे वर करून खुर्चीवर ठेवले, जसे पहिल्या दिवशी दाखवले होते तसेच. फक्त त्या दिवशी मान ताठ होती.

म्हटलं, "हे बघा. ही बुरशी आहे. डॉक्टरांनी काचेखाली बघितली. सगळ्यात जुनी माझीच. टीचरची नाही, भाऊंची तर नाहीच. टब माझा, टॉवेल माझा. मी सगळ्यांचे पाय पुसले ते याच हाताने." हातही दाखवला. "आणि भाऊ, मी दिलेलं मलमही चुकीचं होतं. नडगीवरचं त्यामुळे पसरलं. मला शुक्रवारी माहीत होतं. सांगितलं नाही."

बँकवालीने हळूच आपले पाय साडीखाली घेतले. काका म्हणाले, "अहो, पण आम्हाला मीठ सांगितलं होतंत," आणि मग त्यांनाच वाटलं की हे बोलायला नको होतं.

गमबूट उठून जवळ आला. वाकून माझे तळवे बघितले, नीट, गाडीवरचा ओरखडा बघतात तसे. खूप वेळ. मग म्हणाला,

"तुम्ही म्हणाला होतात ताई. एक दिवस आमचेही असे होतील."

टीचरच्या तोंडून हसूच फुटलं, आणि त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. तो हसला नाही. चिडलाही नाही. टॉवेलची घडी नीट केली, परत पिशवीत ठेवली, टीचरच्या पाया पडल्यासारखं खाली वाकून त्यांच्या उशीखाली सरकलेली चादर सारखी केली, आणि गेला.

मोजे घालायला मला बराच वेळ लागला. सगळे बघत होते. आधी बोटांमधली जागा कोरडी करायची असते.

१७ एप्रिल, गुरुवार

टीचरनी सांगितलं, तो डॉक्टरबाईंकडे जाऊन आला. बोटांमधली पूड काचेखाली बघितली, तिथे काही सापडलं नाही, नुसती पाण्याने भिजलेली कातडी. गमबूट आतून कोरडे ठेवायचे, दोन जोड बदलून घालायचे, कामातून मधेमधे पाय उघडे करून वाळवायचे, झालं. बुरशी फक्त टाचेला आणि नडगीवर. ती नवीन. पहिल्यापासून त्याचे पाय साफ होते! लहानपणापासून तो ज्यांना लपवत आला ते, दिवसभर ओले राहणारे साधे पाय होते.

आज संध्याकाळी ऑफिसमधून येताना तो दिसला, रस्त्याच्या पलीकडे. मुलीचा हात धरून चालला होता. ती मधेच थांबून त्याच्या बुटांवर पाऊल ठेवून बघायची आणि तो तिला उचलून परत खाली ठेवायचा. डॉक्टरांनी त्याला सगळं बरं होईपर्यंत थांबायला सांगितलं असणार. त्याने मला बघितलं. मान हलवली की नाही, ते मध्ये बस आल्यामुळे कळलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. सेंटरवर जाऊन एकदा नीट माफी मागावी, सगळ्यांसमोर नाही, त्याच्या एकट्यापाशी. त्या रविवारी मी बोलले ते सगळ्यांना उद्देशून होतं, त्याला वेगळं काहीच म्हटलं नाही. पण मागच्या वेळी गेले तेव्हा तो मला बघून दोन पावलं मागे सरकला होता, आणि परत सरकला तर मला सहन होणार नाही. शिवाय दादा आज, चेष्टा न करता, म्हणाला, "तू त्याच्यासाठी जाणार आहेस, की तुला बरं वाटावं म्हणून? तुझ्यासाठी असेल तर त्याला गाड्या धुवू दे."

मला खरंच कळत नाहीये. एरवी सगळं मीच ठरवते, आणि त्याचं काय होतं ते तू पहिल्या पानापासून वाचलंयस. तर यावेळी तू सांग. मी जाऊ, की त्याची मुलगी परत त्याच्या पावलांवर चढेल त्या दिवसाची वाट बघू?